लाचेचे अपील नोटांवर नव्हे, मागणीवर ठरते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तलाठी किंवा ग्रामसेवक लाच घेताना पकडला, की बातमी फोटोसह येते. विशेष न्यायालयाने शिक्षा दिली तर तीही येते. मग काही वर्षांनी छत्रपती संभाजीनगर खंडपीठात तो अपिलात सुटल्याची चार ओळींची बातमी कोपऱ्यात छापली जाते आणि वाचणारा म्हणतो, पैसे रंगेहाथ सापडले होते, मग वर काहीतरी शिजलेच असणार. निकालपत्र उघडून पाहिले तर कारण बहुधा स्पष्ट लिहिलेले असते: मागणी शाबीत झाली नाही.

खिशात नोटा सापडल्या, सापळ्याच्या नोटांना लावलेल्या अँथ्रासिन पावडरीची निळसर चमक अतिनील दिव्याखाली बोटांवर दिसली, यातून एवढेच कळते की नोटा त्या हातात गेल्या. त्या मागून घेतल्या हे वेगळे सिद्ध करावे लागते. नीरज दत्ता प्रकरणात डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच पक्के केले. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला, तरी पंचांच्या साक्षीवरून आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असेही त्याच निकालात आहे. पैसे लाच म्हणूनच घेतले, हे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 20 मधले गृहीतक मात्र मागणी आणि स्वीकार या पायाभूत गोष्टी आधी शाबीत झाल्यावरच लागू होते. त्यामुळे तक्रारदार उलटला म्हणून खटला गेला, ही सबब आता पुरेशी नाही.

खरी गडबड सापळ्याआधी मागणीची पडताळणी होते त्या दिवशी होते. तक्रार आली की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग दोन सरकारी पंच बोलावतो आणि तक्रारदाराला पंचासोबत त्या कर्मचाऱ्याकडे पाठवतो. तहसीलच्या व्हरांड्यात गर्दी असते, साहेब पंचाला ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ म्हणतात आणि नेमके आकड्याचे बोलणे आत होते. पंचनाम्यात मात्र पंचाने सगळे ऐकल्याचे लिहिले जाते आणि उलटतपासणीत ते कोसळते. फोनवर पडताळणी केली तर स्पीकर चालू होता का, समोरचा आवाज पंचाने ओळखला कशावरून, याची नोंद नसते. ‘ते आपलं बघून घ्या’ एवढेच बोलणे ध्वनिमुद्रित असेल, तर ती लाचेची मागणी की आणखी काही, यावर अपिलात तासभर वाद चालतो.

आवाजाच्या मुद्रणाचेही तसेच. मूळ उपकरण हजर केले नाही तर प्रतीसोबत ती कशी तयार केली याचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले ते आपल्याच जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 63 खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यायचे आहे. दुसरा भाग तज्ज्ञाचा असतो आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली नाही हे तपासण्याचा सांकेतिक आकडा, लिहावी लागते. अपिलात नवा पुरावा अपवादानेच घेतला जातो. तपासात राहिलेली फट बुजवायला ती वाट नाही.

आणखी एक मुद्दा बचावाचे वकील हमखास काढतात: काम खरेच त्याच्याकडे बाकी होते का? फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची, नोंद तलाठी घेतो, ती प्रमाणित मंडळ अधिकारी करतो. सापळ्याच्या आधीच नोंद प्रमाणित झालेली असेल, तर तलाठ्याने पैसे मागावेत कशाला, असा प्रश्न उभा राहतो. ‘हातउसने परत घेतले’, ‘शेतसाऱ्याचे होते’ हे खुलासेही जागच्या जागी लिहून घेऊन तपासले पाहिजेत. आरोपीला आपला खुलासा संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, तो संभाव्य वाटला तरी पुरतो.

शिक्षा झालेला माणूस संध्याकाळी घरी कसा, हाही प्रश्न लोकांना पडतो. त्याच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 खाली लाच घेतल्याबद्दल किमान शिक्षा तीन वर्षे आहे. तेवढीच झाली आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर विशेष न्यायालय स्वतःच अपील दाखल होईपर्यंत जामीन देऊ शकते. अपिलाला 60 दिवसांची मुदत असते. उच्च न्यायालय पुढे स्थगित करते ती बहुतेक वेळा शिक्षा, दोषसिद्धी म्हणजे दोषी ठरवल्याचा निर्णय नव्हे. लाचखोर लोकसेवकाची दोषसिद्धी सहसा स्थगित करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच के. सी. सरीन प्रकरणात सांगितले आहे. म्हणून ‘स्टे मिळाला’ असे सांगत कोणी पुन्हा खुर्चीत बसला, तर कार्यालयप्रमुखाने आदेशाची प्रत मागून वाचावी. राज्यघटनेच्या अनुच्छेद 311 नुसार दोषसिद्धीच्या आधारे स्वतंत्र चौकशीशिवाय बडतर्फ करता येते, अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही.

लाच नाइलाजाने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवणाऱ्यावर गुन्हा होत नाही. 1064 हा क्रमांक त्यासाठी आहे. देण्याआधीच कळवणे केव्हाही चांगले. आपल्या वृत्तपत्राला विनंती इतकीच, की अपिलातून कोणी सुटला तर मागणी, मुद्रण की खटल्यासाठी लागणारी सरकारी मंजुरी यांपैकी कशावर सुटला, ती एक ओळ बातमीत जरूर छापावी.

आपला,
एक फौजदारी वकील, लातूर