वडशाकडच्या लेथवाल्या काकांस, मनापासून आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

माझा जुना कॅमेरा ट्रायपॉडवर उभा धरणारी प्लेट तुम्ही करून दिलीत, त्या दिवशी ट्रॉलीचा हूक घेऊन दोघं जण तुमच्या दारात ताटकळत उभे होते. तुम्ही सांगितली ती मजुरी मी हातावर ठेवली आणि निघालो. बोलायचं होतं ते राहून गेलं. आता फिल्म धुऊन झाली आहे, निगेटिव्ह भिंगाखाली पाहिल्या आहेत, आणि गप्प बसवत नाही म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मंडईच्या, म्हणजे आपल्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या रात्री काढलेले दंडार या लोकनाट्यातल्या कलाकारांचे उभे फोटो आलेत, काका. डोक्यावरच्या पदरापासून पायातल्या चाळापर्यंत अख्खा माणूस. नुसत्या बल्बच्या उजेडात, शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून. चाळातला घुंगरू न् घुंगरू वेगळा दिसतो.

यासाठी मी किती दारं झिजवली ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. मामांनी जिवापाड जपलेला हा लायका एम थ्री कॅमेरा, १९५४ साली बाजारात आलेलं मॉडेल. आत आरसा नाही, त्यामुळे शटर पडताना धक्का बसत नाही आणि कमी उजेडात तो फार गुणी आहे. पण त्याच्या तळाला ट्रायपॉडचं भोक मधोमध नाही, पार एका टोकाला आहे. आडवा ठेवला तर निभावतं. उभ्या फोटोसाठी ट्रायपॉडचं डोकं कलतं केलं की सगळा कॅमेरा बाजूला एका स्क्रूवर लोंबतो. लेन्स पुढून जड. स्क्रू कितीही आवळा, शटर दाबेपर्यंत लेन्सचं नाक हळूहळू जमिनीकडे झुकतंच. फार आवळावा तर जुन्या तळपाटाचे आटे जातील ही धास्ती वेगळीच.

एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने कॅमेरा हातातही घेतला नाही. म्हणाला, आडवा काढा आणि नंतर उभा कापून घ्या. निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची. त्यातून त्याच प्रमाणात उभा तुकडा कापला तर १६ बाय २४ उरतो, निम्म्याहूनही कमी. ज्या माणसाला संपूर्ण उभं करायचं त्यालाच अर्धं करून टाका, असा तो सल्ला! दुसऱ्या ठिकाणी तर बोलता बोलता सहा एमएमचा बोल्ट त्या भोकात फिरवायला लागले. भोक पाव इंची, आटे इंचाला वीस. दीड फेऱ्यात बोल्ट अडकला तरी गडी जोर लावतोच आहे. मी हात धरला म्हणून तळपाट वाचलं. ‘जुना माल आहे, आमची गॅरंटी नाही,’ हे वर ऐकवलं. पैसे घेताना मात्र माल जुना नव्हता.

आणि मग तुम्ही. तुमच्या दुकानात नांगराचे फाळ, थ्रेशरचे शाफ्ट, सगळीकडे तेल. असला कॅमेरा तुम्ही कधी हाताळलेला नव्हता, तसं तुम्ही सरळ सांगितलंही. प्लेटसाठी अॅल्युमिनियमचा अँगल कसा कापला, तिचा ओठ कसा वळवला, हे मी इथे लिहीत बसत नाही. ती तुमची विद्या. मला लिहायचं आहे ते खराट्याच्या काडीबद्दल.

मी खिशातून ट्रायपॉडचा स्क्रू काढून पुढे केला, तुम्ही तो बाजूला ठेवलात. म्हणालात, ‘थांब बाबू, आधी भोक किती खोल हाये थे पाहू दे.’ कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडली, फुंकर मारून साफ केली, अलगद भोकात सोडली, तळ लागला तिथे नखाने खूण केली. मग ती काडी बोल्टाशेजारी धरून बोल्ट त्या खुणेपेक्षाही थोडा आखूड कापलात. ‘लोखंड टेकलं तं आतून पोचा येईन. काडीनं काई होत नाई,’ एवढंच बोललात आणि पुन्हा कामाला लागलात.

काका, खोली मोजायला तुमच्या हाताशी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पोलादी मोजपट्टी होती. मी पाहिली. तिचं टोकही त्या भोकात जाऊ नये म्हणून तुम्ही काडी घेतलीत. मामांनंतर त्या कॅमेऱ्याला इतक्या जपून कोणी हात लावलेला मला आठवत नाही. माझ्या घशात आवंढा आला होता, तुम्ही पाठमोरे होता म्हणून दिसला नसेल.

मग तुम्ही विचारलंत, ‘याच्यात फिलम कोठून भरता जी?’ तळपाटच काढावं लागतं म्हटल्यावर बोल्टाच्या डोक्याला खाच पाडून दिलीत, रुपयाच्या नाण्याने फिरते. हा प्रश्न त्या दोन्ही दुकानांत कोणाला सुचला नव्हता. आता प्लेटचा ओठ कॅमेऱ्याला पुढून धरून ठेवतो, तो स्क्रूभोवती फिरूच शकत नाही. उभ्या फोटोला प्लेटची बाजूची दांडी ट्रायपॉडवर बसते, वजन बरोबर मधल्या दांड्यावर येतं. रात्रभर त्या ट्रायपॉडशेजारून पोरं धावत होती, लेन्स केसभर हलली नाही.

आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भातल्या मुलखात, अशी माणसं आहेत म्हणूनच पुष्कळ काही चाललं आहे असं मला वाटतं. दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात, होळीपर्यंत रात्री जागतात. पडदे बांधणारा, पेटीचा भाता सांधणारा, ऐनवेळी जनरेटर सुरू करून देणारा, यांची नावं पत्रकावर नसतात. दुसऱ्याची वस्तू हातात आली की ती त्याच्या घरातली आहे, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. काचेच्या दुकानात टाय लावून बसलेल्यांना ते शिकवूनही येत नाही, असा माझा अनुभव आहे आणि तो मी बदलून सांगणार नाही.

प्रिंट तयार होताहेत. त्यांतली एक मोठी तुमच्यासाठी, दुकानात लावा किंवा घरी. आणखी एक मागणं आहे. तुमचा लेथपाशी उभा असलेला फोटो मला काढायचा आहे, त्याच कॅमेऱ्यावर, त्याच प्लेटवर. काकूंनाही बोलवा. धानाची कापणी-मळणी उरकली की तुमच्याकडची गर्दी कमी होईल, तेव्हाचा एखादा दिवस कळवा, मी सकाळच्या उजेडात येतो.

तुमचा,
फोटोवाला बाबू