क्यूवाय ७०बद्दल थोडं, वाजवणाऱ्याकडून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत छोट्या सिंथेसायझर-सिक्वेन्सरवरचा (वाजवलेलं लक्षात ठेवून आपल्याच आवाजात परत वाजवणाऱ्या डब्यांवरचा) लेख वाचला, बरं वाटलं, कारण आमच्या लाइनीतल्या वस्तूंबद्दल एरवी कोणी अक्षर लिहीत नाही. पण यामाहाच्या क्यूवाय ७०बद्दल जे लिहिलंय की "गायकाचा आवाज रेकॉर्ड करा आणि हवा तिथे वाजवा, अख्खी पार्टी पिशवीत", ते काही खरं नाही. मी मिरजेत राहतो, पंचवीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय आणि हा डबा २००१ पासून माझ्याकडे आहे, तेव्हाही सेकंडहँडच घेतलेला. म्हणून म्हटलं चार ओळी लिहाव्यात.

पहिलं म्हणजे हा सॅम्पलर, म्हणजे खरा आवाज भरून घेणारा डबा, नाही. माइक लावायला जागाच नाही त्याला. त्यात रेकॉर्ड होतं ते एवढंच, की कुठली पट्टी कधी दाबली, किती वेळ धरली, केव्हा सोडली. मग प्ले केलं की तो आपल्या पोटातले आवाज वापरून तेच परत वाजवतो. त्यामुळेच तर १९९७ साली व्हिडिओ कॅसेटएवढ्या डब्यात सोळा ट्रॅकचं गाणं मावलं, त्यात आणखी पॅटर्नचे आठ ट्रॅक वेगळे, ५१९ आवाज, २० ड्रम किट, आणि एका वेळी ३२ स्वर. आणि चालतो पेन्सिल सेलवर, सहा लागतात. खरा आवाजच साठवायचा असता तर त्या काळात एवढ्याशा डब्यात एक अंतरासुद्धा बसला नसता.

आता फायदा कुठे, तर गाण्याची पट्टी, म्हणजे सूर वर-खाली, बदलण्यात. ज्यांनी गायकांबरोबर काम केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतो. संध्याकाळी प्रॅक्टिसला बाई येतात, म्हणतात आज घसा बसलाय, काळी चारचं काळी तीनमध्ये करा. हार्मोनियमवाल्याचं ठीक आहे, तो सरकवून घेतो, पण गिटारवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं. डब्यात मी ट्रान्सपोज दोन खाली केलं की सगळं गाणं मधल्या वाद्यांच्या पीससकट खाली, आणि टेम्पो जागच्या जागी. टेपवर स्पीड कमी करून पट्टी उतरवली की लय पण बसायची, तो त्रास संपला. दुसरा फायदा प्रवासातला. सांगली-पुणे एसटीत खिडकीशी बसून हेडफोन लावून मी किती इंट्रो लिहिलेत त्याचा हिशोब नाही, कॉर्ड टाकत जायच्या, त्यात १२८ तयार स्टाइल, म्हणजे साथीचे साचे, आहेत, प्रत्येकीला इंट्रो, मेन ए, मेन बी, दोन फिल आणि एंडिंग, आणि कॉर्ड बदलली की बास, गिटार, पियानो सगळे त्या कॉर्डवर जाऊन बसतात. साताऱ्याला चहाला गाडी थांबेपर्यंत मुखडा तयार असायचा. (एकदा सेल जुनेच घालून निघालो आणि कराडच्या आधीच डबा बंद, तो माझा गाढवपणा, तेव्हापासून पिशवीत सेलचं नवं पाकीट असतंच.)

पण आपलं संगीत आलं की गाडी अडते. स्टाइली बहुतेक सगळ्या चार मात्रांच्या, थोड्या तीन-सहाच्या. शिवाय हा जीएम (जनरल मिडी, सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेली आवाजांची ठरलेली यादी) प्रमाणे चालणारा डबा, आणि जीएमच्या १२८ आवाजांत १०५ नंबरला सतार आहे, ११२ला शहनाई आहे, पण तबला नाही आणि ढोलकी तर नाहीच नाही. त्या सतारीबद्दल मी बोलत नाही. खिडकीतून सतारीची जवारी (घोडी घासून तारांची झणक जुळवणं) काढल्याचा आवाज येतो अशा गावात बसून १०५ नंबर दाबायचा म्हणजे आपणच आपली चेष्टा करून घेणं.

मग ठेका कसा करायचा? मी करतो ते सांगतो. केरवा घ्या, धा गे ना ती, न क धी ना. ड्रम किटमध्ये हाय बोंगो आणि लो कोंगा असतात. धा ला दोन्ही एकदम, गे ला नुसता लो कोंगा, ना आणि ती ला बोंगो, न क ला म्यूट कोंगा हलक्या हाताने, धी ला परत दोन्ही. हे स्टेपने, म्हणजे एकेक खाना भरत, टाकलं तर एकदम लेझीमच्या कवायतीसारखं वाजतं, सगळे सरळ रेषेत उभे. म्हणून मेट्रोनोम लावून हातानेच वाजवायचं आणि क्वांटाइझ (मशीनकडून ठोके मापात सरळ करून घेणं) करायचं नाही. एका बीटचे ४८० भाग करतो हा, त्यामुळे तुमच्या हाताचा पुढेमागे झोल जसाच्या तसा राहतो आणि तोच तर पाहिजे असतो. फक्त डब्यावरच्या रबरी बटणांवर हे जमणार नाही, त्यांना जोर कळत नाही, हळू दाबा की जोरात दाबा, आवाज तेवढाच. बाहेरून मिडीने (वाद्यं एकमेकांना जोडायच्या वायरीने) कीबोर्ड किंवा पॅड लावावंच लागतं. आणि तबल्याच्या डाव्याचा, बायाचा घुमारा, तो मनगटाने दाबून सरकवलेला, तो नाही येत म्हणजे नाहीच येत. डबा नोटा मोजतो, मनगट कुठून मोजणार.

यावर आम्हा लोकांची जुनी युक्ती म्हणजे क्यूवायच्या मिडी आउटची वायर ऑक्टापॅडच्या (काठीने वाजवायच्या रोलँडच्या इलेक्ट्रॉनिक पॅडच्या) मिडी इनमध्ये घालायची. त्यातल्या एसपीडी २० मॉडेलमध्ये ७०० आवाज, त्यात तबला आहे, मग डबा फक्त हुकूम सोडतो आणि वाजतो ऑक्टापॅड. छान जमतं, पण मग पिशवीतली पार्टी कुठे राहिली, स्टँड आला, अ‍ॅडाप्टर आले, वायरी आल्या.

रूपकच्या सात मात्रा स्वतःचा पॅटर्न करून टाकता येतात, सात-चारची मापं तो घेतो, झपताल पाच-पाचच्या दोन मापांत मी बसवलाय. तोही प्रश्न नाही खरं तर. प्रश्न थांबण्याचा आहे. लावणीत बाई मुखड्यावर येताना ओळ धरून ठेवतात, पुढच्या रांगेकडे बघतात, शिट्ट्या पडेपर्यंत समेवर येतच नाहीत. ढोलकीवाला त्यांच्या पायाकडे बघत असतो, नुसतं एक बोट फिरवत राहतो आणि पाय पडला की थाप. माझ्या डब्याला पाय दिसत नाही. एकदा हौसेने एका कार्यक्रमात मी त्याच्यावर अख्खी लावणी लावली होती, बाई थांबल्या, डबा नाही थांबला, दोन मापं पुढे निघून गेला आणि मला स्टॉप दाबून हाताने पेटी धरावी लागली. बाई नंतर विंगेत एवढंच म्हणाल्या, "दादा, तो डबा घरी अभ्यासाला ठेवा." तेव्हापासून स्टेजवर त्याच्यावर फक्त ठरलेल्या लयीची सिनेमाची गाणी.

स्टेजची आणखी एक अडचण, आउटपुट एकच आणि तेही हेडफोनचं बारीक भोक. साउंडवाला म्हणतो ऱ्हिदम वेगळा द्या, कुठून देऊ? मग सगळा ऱ्हिदम पॅन करून डावीकडे आणि बाकी सगळं उजवीकडे, अशी एका वायरीतून दोन चॅनल काढायची. चालतं, फक्त दोन्ही मोनो होतात आणि रिव्हर्ब जरा कमी ठेवावा लागतो नाहीतर एकातलं दुसऱ्यात सांडतं.

साठवण पण तोकडी. वीस गाणी. कार्ड नाही, फ्लॉपी नाही. एकविसावं करायचं तर मिडी केबलने कॉम्प्युटरमध्ये डम्प घ्यायचा आणि एक पुसायचं. नव्या वस्तूंना हे दुखणं नाही, आमच्या एका पोराकडे २०१९चा रोलँड एमसी १०१ आहे, चार सेलवर चालतो, एसडी कार्ड आहे, एका क्लिपला (वाजवायच्या छोट्या तुकड्याला) १२८ स्टेप, म्हणजे मात्रेला चार धरल्या तर रूपकला अठ्ठावीस आणि झपतालला चाळीस, आरामात बसतात. आवाज तर विचारू नका, आमचा डबा त्याच्यापुढे खेळणं. पण त्याला ट्रॅक चारच आणि कॉर्ड टाकली की सगळे वादक आपोआप तिकडे वळतात हा प्रकार नाही, प्रत्येकाचं वेगळं लिहा. पोरगा लूपवर लूप चढवतो, झकास वाजतं, पण मुखडा-अंतरा-मुखडा असं गाणं उभं करायला त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे मी स्वतः घड्याळ लावून बघितलंय. कोणी विचारलं कुठला घेऊ तर मी म्हणेन चाली बांधणारा असशील तर जुना, आवाजाशी खेळणारा असशील तर नवा, आणि स्टेजवर लावणी वाजवायची असेल तर ढोलकीवाल्याला फोन कर.

शेवटी एक राहिलंच. लेखाबरोबर जो फोटो छापलाय तो ७०चा नाही, २०००साली आलेल्या क्यूवाय १००चा आहे. त्याला गिटार किंवा माइक लावायची जागा आहे आणि स्मार्टमीडिया कार्ड पण बसतं, बहुतेक तिथेच लेखकाची गल्लत झाली असावी. पण तो माइक फक्त इफेक्ट लावून बाहेर ऐकवायला, त्यातही आवाज साठत नाहीच. फोटो बघून कोणी जुन्या बाजारात ७० घेतला तर कार्डाची खाच शोधत बसेल, म्हणून एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक कीबोर्डवाला, मिरज