आयर्विनचे फूट आणि आमची पायरी

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

पावसाळा लागला की आपल्या अंकात आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी रोज येते. फूट, इंच, कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून किती. त्याबद्दल एक विनंती करायची आहे, पण ती करायची तर आधी माझ्या मित्राबद्दल लिहावं लागेल. तो जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला. निधन वार्तेत चार ओळी आल्या, त्यात 'प्रसिद्ध टेलर' असं छापलं होतं. प्रसिद्ध वगैरे तो काही नव्हता. गावभागात आमच्या गल्लीत आठ बाय दहाचं दुकान, दोन मशीन, एक इस्त्री. नाव छापू नका असं वहिनींनी सांगितलंय, म्हणून मास्तर म्हणतो. तसंही सगळे मास्तरच म्हणायचे. गल्लीत नवीन आलेले भाडेकरू तर हे शाळेतून रिटायर झालेत असं समजून पोरांच्या गणिताचं विचारायला यायचे. हा सातवी शिकलेला.

मी एस.टी.त कंडक्टर होतो, ३१ वर्षं. १९८३ साली खाकी कापड घेऊन पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो, तर माप घेता घेता थांबला आणि म्हणाला, "पिशवी कुठल्या खांद्यावर असती?" म्हटलं, डाव्या. त्यानं डाव्या खांद्याला आतून दुहेरी कापड घातलं. त्याआधीचे माझे दोन शर्ट पिशवीच्या पट्ट्यानं तिथंच विरले होते. हे शिंप्यानं विचारायचं असतं हे मलाही सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून ड्यूटी सुटली की त्याच्या दुकानातलं स्टूल माझं. चहा त्याचा, सुट्टे पैसे माझे.

आता त्याचे दोषही सांगतो, नाहीतर वहिनी हसतील. दिवाळीचे कपडे भाऊबीजेला द्यायचा. "उद्या" हा शब्द त्याच्या तोंडून जितक्या वेळा ऐकला तितका डेपोतल्या वर्कशॉपमध्येही ऐकला नाही. पँट कधी मिळेल ते त्याला कधीच सांगता आलं नाही. नदी कधी येईल ते मात्र सांगायचा.

ते असं व्हायचं. माझी गाडी सांगली–कराड. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका. जाताना आयर्विनवरूनच जायचं, तेव्हा पुलाच्या खांबावरचे आकडे आपोआप बघितले जायचे. कराडला मुक्कामी गाडी असली की पहाटे उठून प्रीतिसंगमावर जायचो, तिथं कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात. घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्यात ते मोजायचं आणि संध्याकाळी येऊन मास्तरला सांगायचं. सुरुवातीला गंमत म्हणून. त्यानं ते मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायला सुरुवात केली. काल कराडला इतक्या पायऱ्या, आज आयर्विनला इतके फूट. मोबाईल नव्हते तेव्हाची गोष्ट आहे ही. हरिपूरहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना हा वारणेचं विचारायचा. सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपुरात वारणा कृष्णेला मिळते. वारणा फुगली असली की कृष्णेला पुढं सरकायला जागा नाही, मग कराडला उतरलं तरी आपल्याकडं उतरत नाही. हे मला सातवी पास माणसानं शिकवलं.

२००५ चा पूर आला, ५३ फुटांच्या पुढं गेला. आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी. उतरल्यावर मास्तरनं दुकानाच्या भिंतीवर निळ्या खडूनं रेघ मारली, शेजारी वर्ष लिहिलं. पुढं ती पुसट झाली तेव्हा पेन्सिलनं गिरवली. त्या रेघेवर आमच्या गल्लीचा सातबाऱ्याएवढा विश्वास बसला. कपाट घेताना, मीटर बसवताना, फ्रीजखाली कट्टा बांधताना लोक येऊन टेपनं रेघ मोजून जायचे.

२०१९ ला त्या रेघेनंच घात केला. नागपंचमीच्या सुमाराला पाणी चढायला लागलं. मी मास्तरला विचारलं, काय करायचं? तो म्हणाला, "रेघेच्या वर जायचं न्हाई. रेघेपेक्षा हातभर वर ठेव सगळं." मी दीड हात वर ठेवलं. लग्नाचा अल्बम, मुलीची मार्कशीट, पेन्शनची कागदं, सगळं कपाटाच्या वरच्या खणात. आयर्विन ५७ फुटांच्या वर गेलं. आम्हाला बोटीतून काढलं, विश्रामबागला मुलीकडं राहिलो. परत आलो तर कपाट पालथं पडलेलं, अल्बमची पानं एकमेकांना चिकटून थापलेल्या शेणीसारखी झालेली.

मास्तर आला, दारात उभा राहिला, चिखलात पाय टाकेना. म्हणाला, "माझ्यामुळं झालं हे." मी म्हटलं, "तू काय धरणाचं दार उघडलंस काय?" हसला नाही. त्याचं स्वतःचं तर दोन्ही मशीन आणि गिऱ्हाइकांचं कापड गेलं होतं. मापांच्या वह्या त्यानं पिळून नाही, एकेक पान सुटं करून कोळशाच्या इस्त्रीनं वाळवल्या, कारण वीज आलीच नव्हती. पानावर जुनं धोतर ठेवायचं आणि वरून इस्त्री हलकेच टेकवायची. शाईनं लिहिलेली मापं निळा डाग होऊन गेली. पेन्सिलीची सगळी राहिली. माझं १९८३ चं निघालं : कंबर २८. ती तेवढी मला दाखवताना हसला.

त्यानंतर फळा आला. प्लायवूडला काळा रंग, शटरच्या बाजूला दोन खिळ्यांवर. आयर्विन, कराड, वारणा असं वर लिहायचा. पण खरा मजकूर खाली असायचा. 'सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर – पाणी आलं.' 'मारुती चौक – उद्या सकाळपर्यंत.' 'आपली गिरणीची पायरी – अजून ३ फूट बाकी.' आणि सगळ्यात खाली, रोज, पाऊस असो नसो : 'एक फूट जादा धरून चाला.' ही २०१९ ची ओळ. ती पुसलेली मी कधी बघितली नाही. गिरणीची पायरी आयर्विनच्या ५० फुटांना बुडते हे त्यानं काढलेलं, कुठल्या कार्यालयात नाही. निळी पूररेषा, लाल पूररेषा नकाशावर असतील. आमच्या गल्लीत रेघ म्हणजे मास्तरच्या खडूची.

२०२१ च्या जुलैत पाणी पन्नाशीच्या पुढं गेलं. त्या वेळी मास्तरनं आदल्या दिवशीच गल्लीला सामान माळ्यावर चढवायला लावलं. एकदोघं कुरकुरले, मास्तर घाबरट झालाय म्हणाले. दुसऱ्या रात्री तेच दोघं त्याचं मशीन वर चढवायला धावले, कारण गल्लीच्या नादात त्याचं स्वतःचं राहिलं होतं. माझं ह्या खेपेला काही गेलं नाही. जाण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं म्हणा.

आता विनंती. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण ३८ फूट ६ इंच वाचून दत्तनगरातल्या बाईला भांडी कधी उचलायची ते कळत नाही. आपल्याकडं गल्लोगल्लीचे वाचक आहेत, वार्ताहर आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा, कुठल्या फुटाला कुठला चौक, कुठली गल्ली, कुठल्या देवळाची पायरी बुडते, असं छापा. लोक कापून भिंतीला लावतील. आणि रोजच्या आकड्याखाली एक ओळ द्या, पाणी आता कुठवर आलंय. आमच्या गल्लीची माहिती मी देतो, मास्तरच्या वह्या माझ्याकडं आहेत.

फळा यंदा मी लिहितो. कराडचं आता फोनवर कळतं, पायऱ्या मोजायला कोणी जात नाही. माझं अक्षर वाईट, गिरणीवाल्याचा पोरगा येऊन दुरुस्त करून जातो. परवा मी खालची ओळ लिहायची विसरलो, तर समोरच्या आजींनी खिडकीतून हाक मारून आठवण केली.

दुकान वहिनींनी भाड्यानं द्यायचं ठरवलंय. मोबाईल दुरुस्तीवाला पोरगा आहे, बरा वाटला. भिंती रंगवून घेतो म्हणत होता. तीन भिंती रंगव, रेघांची तेवढी सोड, असं मी त्याला सांगितलंय. हो म्हणालाय.

कळावे,
आपला एक वाचक
(निवृत्त एस.टी. वाहक)
गावभाग, सांगली