रोपाला वारा लागू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वादळात झाडे पडली की सगळा दोष वाऱ्यावर जातो. पण झाडाला उभे राहायला तयार करतो तोही वाराच. रोपे लावणारे आपण हौशी लोक नेमके हेच विसरतो.

माझीच चूक सांगतो. एक रोप मी जाड काठीला तीन ठिकाणी सुतळीने आवळून बांधले. दोन वर्षांत ते माझ्या डोक्यावर गेले, त्याचे मला कोण कौतुक! सुतळ्या कापल्या मात्र, शेंडा धनुष्यासारखा वाकून जमिनीला टेकला. खोड खालपासून वरपर्यंत छडीसारखे एकाच जाडीचे. शेजारी त्याच जातीचे आपोआप उगवलेले झाड होते. उंचीला कमी, पण बुंध्याशी चांगले भरलेले.

वाऱ्याने खोड वाकते तेव्हा सालीखालच्या वाढीच्या थराला तो ताण जाणवतो आणि जिथे ताण अधिक तिथे लाकूड अधिक भरते. उंचीची घाई आपोआप कमी होते, मुळेही घट्ट धरतात. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस नाइट यांनी 1803 मध्ये सफरचंदाची कोवळी झाडे एकाच रेषेत डुलतील अशी बांधली, तर खोडे त्याच दिशेने जाड होऊन लंबवर्तुळाकार झाली. पुढे 1973 मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ मॉर्डेकाय जॅफ यांनी दाखवले की वाराही नको. रोपाचे खोड रोज बोटांनी नुसते चोळले तरी ते ठेंगणे राहते.

कललेल्या झाडाची तऱ्हा तर आणखी मजेची. पाइनसारखी सूचिपर्णी झाडे कललेल्या बाजूला, म्हणजे खालून, लाकूड भरून खोड वर ढकलतात. रुंद पानांची बहुतेक झाडे वरच्या बाजूने ओढून धरतात. कापलेल्या ओंडक्यावर वर्तुळांचा मध्य एका कडेला सरकलेला दिसला, तर ते झाड बहुधा कललेले होते किंवा एकाच बाजूचा वारा खात होते.

आधार कधीच नको, असे मी म्हणत नाही. मुळे धरेपर्यंत तो लागतोच. पण बांधायचे ते खाली, सैल, शेंडा डुलेल असे. आणि वर्षभरात सोडायचे.

माझे झाड मी निम्म्यावर छाटले आणि काठी काढून टाकली. आता ते सरळ उभे आहे. सुतळीच्या तीन खाचा मात्र सालीवर अजून दिसतात.

– एक वाचक