पांढरा रंग चुकीचा मोजणारा कॅलिब्रेटर आणि मोबाइलवरचा फोटो मागणारं ग्राहक सेवा केंद्र

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: मॉनिटर कॅलिब्रेटर सदोष, दुरुस्ती फाइल किंवा संपूर्ण परतावा मिळण्याबाबत

तुमचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे म्हणून मराठीत लिहिते आहे. हिंदीत चार वेळा फोनवर सांगून झालं. चौथा फोन आज दुपारी झाला आणि तो ठेवल्या ठेवल्या लिहायला बसले.

मी इंदूरला राहते आणि महेश्वरच्या विणकरांच्या साड्यांचे फोटो काढते, ऑनलाइन विक्रीसाठी. अंगूरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभळी. ही साडी आधी रंगावर पसंत होते, काठ मग बघतात. फोटोतला रंग हातात पडला नाही की साडी परत येते आणि दोन्ही वेळचं कुरिअर विणकराच्या माथी बसतं. साठवलेल्या पैशांतून नवी लेन्स घ्यावी की पडद्याचे रंग मोजून नेमके बसवणारा कॅलिब्रेटर, यावर मी महिनाभर विचार केला. डोळा कुठल्याही पांढऱ्याला दहा मिनिटांत सरावतो, त्याच्या भरवशावर रंग ठरवता येत नाही, म्हणून लेन्स राहू दिली आणि तुमचं यंत्र घेतलं. साडेअठरा हजार रुपये.

माझ्याकडे दोन मॉनिटर आहेत. जुना साध्या पांढऱ्या एलईडीचा, त्यावर काही तक्रार नाही. नवा वाइड गॅमट आहे, म्हणजे रंगांचा मोठा आवाका दाखवणारा, आणि तो तुमच्या यंत्राने कॅलिब्रेट केला की निळसर होतो. मॉनिटर अर्धा तास तापू दिला होता, नाइट लाइट बंद, पडदे ओढलेले. ६५०० केल्विन, गॅमा २.२, ब्राइटनेस १२० कँडेला. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तुमच्या सॉफ्टवेअरने डेल्टा ई, म्हणजे रंगातली चूक, एकच्या आत दाखवून सगळ्या खुणा हिरव्या केल्या. ज्या यंत्राने चुकीचं मोजलं त्यानेच पुन्हा तपासलं, तर चूक सापडणार कशी? शेवटी ओळखीच्या छापखान्यातून प्रकाशाचा वर्णपट मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणला. तुमचं यंत्र ज्या पांढऱ्याला ६५०० म्हणतं, तो त्यावर ७२०० निघाला, म्हणजे निळ्याकडे झुकलेला.

कारण तुम्हाला ठाऊक असणारच. तुमचं यंत्र कलरीमीटर आहे; त्यात सेन्सरपुढे रंगीत फिल्टर असतात आणि ते माणसाच्या डोळ्याशी जवळपास जुळतात, तंतोतंत नाही. बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याचा, वर्णपट बदलला की फरक वाढतो, म्हणून प्रत्येक प्रकारच्या बॅकलाइटसाठी मोजणीत वेगळी दुरुस्ती लागते. तुमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत दोनच पर्याय आहेत, साधा पांढरा एलईडी आणि जुनी ट्यूब. माझा प्रकार नाहीच. खोक्यावर मात्र ‘सर्व एलसीडी पडद्यांसाठी’ असं छापलं आहे.

हेच मी आज बावीस मिनिटं सांगत होते. यातली आठ मिनिटं नुसतं संगीत ऐकलं. मग तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, मोबाइल से स्क्रीन का एक फोटो खींचके भेज दीजिए.” मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, मोबाइलचा कॅमेरा समोरचा पांढरा आपणहून पांढरा करतो, ऑटो व्हाइट बॅलन्सचं कामच ते; निळसर छटा त्यात उरणार नाही. तो म्हणाला, पाठवा तर. मी पाठवला. दोन मिनिटांनी उत्तर: आमच्याकडे तर पांढराच दिसतोय, यंत्र ठीक आहे. मी विचारलं, तुम्ही ज्या मॉनिटरवर बघताय तो कॅलिब्रेट केलेला आहे का? “हमारे यहाँ उसकी ज़रूरत नहीं पड़ती, मॅडम.”

तुमच्याच कंपनीत! मला साडेअठरा हजारांना विकलेल्या वस्तूची तुमच्या माणसाला गरज पडत नाही, आणि तिच्याबद्दलचा निकाल तो मोबाइलच्या फोटोवरून देतो. मोबाइलच्या फोटोवरून! पांढरा रंग असा ठरवता आला असता तर मी तुमच्या दुकानाची पायरी चढलेच नसते.

यात नुकसान कोणाचं झालं तेही ऐका. पडदा निळसर, म्हणून मी फोटो नकळत पिवळसर करत गेले. अंगूरी, म्हणजे हिरवी, साडी पिवळट दिसू लागली. ज्यांनी ती पाहून मागवली त्यांच्या हातात हिरवी पडली. अकरा साड्या परत आल्या. विणकर दादांनी फोन करून एवढंच विचारलं, “ताई, फोटो पुन्हा काढायचे का?” पैशांचा शब्द काढला नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझ्या मॉनिटरच्या बॅकलाइटसाठीची दुरुस्ती फाइल पंधरा दिवसांत द्या. अर्गाइल सीएमएससारखं फुकट सॉफ्टवेअरसुद्धा अशा फाइली वापरू देतं, तेव्हा ‘शक्य नाही’ हे उत्तर चालणार नाही. देता येत नसेल तर यंत्र घेऊन जा आणि पूर्ण पैसे परत करा. दोन्ही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली इंदूरच्याच जिल्हा आयोगात जाईन. मी राहते तिथे दावा करता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

इथले बरेच फोटोग्राफर मला विचारतात, कॅलिब्रेटर घ्यावा का. कपड्यांचं किंवा छपाईचं काम असेल तर घ्याच, असं मी आजही सांगते. पुढचा प्रश्न असतो, कुठला? गेल्या वर्षापर्यंत मी तुमचं नाव सांगत होते. दोघांनी माझ्या शब्दावर घेतलाही आहे, आणि त्यातल्या एकाचा मॉनिटर वाइड गॅमट आहे. त्याला आता मला फोन करावा लागणार आहे.

बिल, दोन्ही यंत्रांची मोजणी आणि परत आलेल्या साड्यांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

एक ग्राहक,
इंदूर