पदकतालिकेत न दिसणारी माओ असादा

महोदय,

हिवाळी ऑलिंपिकच्या आपल्या वृत्तांत पदकतालिकेपलीकडे फारसे काही येत नाही, याची खंत वाटते. जपानची फिगर स्केटर (बर्फावर संगीताच्या तालावर स्केटिंग करणारी खेळाडू) माओ असादा २०१४ मध्ये रशियातील सोची येथे शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या फेरीत, पडली आणि सोळाव्या स्थानी गेली. पण दुसऱ्या दिवशी, पदकाची आशा जवळजवळ संपलेली असताना, तिने साडेतीन गिरक्यांची अवघड ट्रिपल ॲक्सेल उडी यशस्वीपणे घेतली, फ्री स्केट या दुसऱ्या, मोठ्या फेरीत १४२.७१ गुण मिळवले आणि अखेर सहावी आली. तो संयम मला कोणत्याही सुवर्णपदकाइतकाच मोलाचा वाटतो. पुढच्याच महिन्यात ती तिसऱ्यांदा विश्वविजेती झाली. इंदुरात चाकांच्या स्केट्सवर सराव करणाऱ्या माझ्या नातीसाठी तरी अशा कारकिर्दी क्रीडापानावर सविस्तर छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, इंदूर