मामा पालक का नसतो, हे समजावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना फाफ्साचा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी अमेरिकी सरकारची मदत मागण्याचा, अर्ज भरायला मदत करणारे आम्ही काही जण. तुम्ही कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात दिवसभर काम करून संध्याकाळी आमच्या शंकांना उत्तरं देता. त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की तुम्ही सांगितलेलं इतर घरांच्याही उपयोगी पडावं.

आपल्याकडे हमखास येणारा प्रसंग एकच असतो. मूल जन्मलं अमेरिकेत, म्हणून नागरिक. आई-वडील पुण्या-नाशिकला परतले, मूल तिथेच वाढलं आणि कॉलेजसाठी इकडे मामाकडे आलं. खाणं-पिणं, राहणं सगळं मामा-मामी बघतात. मग घरचे म्हणतात, आई-वडील इथे नाहीतच, तर मुलाला ‘इंडिपेंडंट’ लावू, म्हणजे अर्जात पालकांचं उत्पन्न दाखवावं लागणार नाही. तिथे तुम्ही हात धरलात. मामा, मावशी, आजी-आजोबा, मोठी बहीण यांनी कायद्याने दत्तक घेतलेलं नसेल, तर फाफ्साच्या लेखी ते पालक नव्हेत. नोटरीकडून करून आणलेलं पालकत्वाचं पत्रही चालत नाही. मूल ज्या राज्याचं रहिवासी आहे तिथल्या कोर्टाचा गार्डियनशिपचा आदेश हवा.

फाफ्सा विचारतो ते ‘तुला कोण सांभाळतं’ असं नाही, हे तुमच्यामुळे पक्कं कळलं. 2026-27 च्या अर्जात जन्म 1 जानेवारी 2003 च्या आधीचा आहे का, लग्न झालंय का, पदव्युत्तर शिक्षण आहे का, सैन्यात आहे किंवा होता का, स्वतःचं मूल आहे आणि त्याचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः करतो का, वयाच्या तेराव्या वर्षानंतर कधीही दोन्ही पालक हयात नव्हते किंवा फॉस्टर केअरमध्ये (सरकारी देखरेखीत दुसऱ्या घरी) होता का, अशा ठरावीक गोष्टी विचारतात. एकालाही ‘हो’ नसेल तर मूल डिपेंडंट, म्हणजे पालकांची माहिती द्यावीच लागते. स्वतः कमावतो, वेगळा राहतो, वडिलांनी टॅक्समध्ये त्याचं नाव दाखवलेलं नाही, यातलं काहीही पुरत नाही. टॅक्समधला डिपेंडंट आणि फाफ्सातला डिपेंडंट वेगळे, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत, मोजदाद नाही.

मग भारतातल्या पालकांनी करायचं काय? सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी पालकांना स्टुडंटएड या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडता येतं. अमेरिकेत टॅक्स भरत नसले तरी टॅक्सची माहिती घेण्यास संमती द्यावीच लागते. ती नसेल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि बरेच अर्ज नेमके इथेच अडकतात. उत्पन्न हाताने भरायचं, तेही डॉलरमध्ये, अर्ज पूर्ण करतो त्या दिवशीच्या दराने. अठरा लाख रुपये पगार डॉलरच्या चौकटीत 1800000 असा गेला, की पालक कोट्यधीश ठरतात आणि पेल ग्रँटची, म्हणजे परत न करायच्या सरकारी मदतीची, आशा संपते. कमाल पेल 7,395 डॉलर आहे; एका चौकटीपायी ती घालवायची नाही. सबमिट करण्याआधी आकड्याखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायचा, ही तुमची सवय आता आमचीही झाली आहे.

आणि भारतातल्या पालकांच्या बाबतीत तुम्ही दाखवलेली ती वाट! पालक अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर त्यांना पॅरेंट प्लस हे पालकांच्या नावे मिळणारं सरकारी कर्ज घेता येत नाही. अशा वेळी कॉलेज मुलाच्या नावे अनसबसिडाइज्ड (शिकत असतानाही व्याज लागणारं) कर्ज वाढवून देऊ शकतं. पहिल्या वर्षी सरकारी कर्ज एकूण 5,500 ऐवजी 9,500 डॉलरपर्यंत. मूल डिपेंडंटच राहतं. कार्यालयात जाऊन कारण सांगावं लागतं, आपोआप होत नाही. विचारलंच नाही म्हणून हे हुकलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

खरोखर तुटलेल्या घरांबद्दल तुम्ही जे शिकवलंत, त्याचे आभार कसे मानावेत कळत नाही. पालकांनी टाकून दिलं, पालक तुरुंगात आहेत, घरी मारहाण होते, मूल निर्वासित म्हणून आलं, अशा मुलांनी अर्जात ‘असाधारण परिस्थिती’ला हो म्हटलं की तात्पुरता इंडिपेंडंट दर्जा मिळतो. मग कॉलेज कागद मागतं: कोर्टाचा आदेश, समाजसेविकेचं किंवा वकिलाचं पत्र, वेगळं राहत असल्याची बिलं. काहीच नसेल तर मुलाशी बोलून त्याची नोंद करता येते. तुम्ही निवेदनातलं ‘वडील मदत करत नाहीत’ हे वाक्य खोडायला लावता. नुसता नकार हे कारण धरत नाहीत. शेवटचं बोलणं कधी झालं, घर कधी सोडलं, हे कोणाला माहीत आहे, हे तारखेसह लिहायला सांगता. प्रवेशानंतर जास्तीत जास्त 60 दिवसांत कॉलेजने निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर शिक्षण खात्याकडे अपील नाही, म्हणून पहिलं निवेदनच नीट हवं.

तुम्ही अशा मुलाला पत्र चार-चारदा लिहायला लावता, पण मारहाणीचा तपशील एकदाच विचारता आणि तो स्वतः टिपून घेता, पुन्हा सांगायला लावत नाही. त्याबद्दल, ताई, मनापासून आभार.

आपले,
अर्ज भरायला बसणारे आम्ही सगळे